बर्फ पाहायला आलेले केळशीकर

मी उठून मागच्या अंगणात गेलो तेव्हा बंब पेटलेला होता.

नुसता पेटलेला नव्हता, नीट पेटलेला होता. धूर नाही, ठिणगी नाही, तोटीखाली बादली लावलेली. शेजारच्या पाटावर केळशीकर बसले होते, अंगावर शाल, हातात आमच्याच कपातला चहा. मला पाहून ते म्हणाले, "झोपा की दातार. इथलं मी बघतो."

ज्यांनी पाहुण्यांचं घर कधी चालवलेलं नाही त्यांना या वाक्यात लागण्यासारखं काही दिसणार नाही. म्हणून आधी आमच्या घरातली कामाची वाटणी सांगतो. पाटबंधारे खात्यातली आराखडे काढण्याची नोकरी संपल्यावर मी आणि माझ्या बायकोनं, मंदानं, महाबळेश्वरच्या रस्त्यावरून थोडं आत, ढवळीच्या माळावर एक कौलारू घर घेतलं आणि फाटकावर 'निवास व न्याहारी' अशी पाटी लावली. न्याहारी मंदाकडे होती, निवास माझ्याकडे. न्याहारीत स्वयंपाक, बाजार, चादरी, गाद्या, फोन घेणं आणि पाहुण्यांच्या मुलांना विहिरीपासून लांब ठेवणं इतकं येत असे. निवासात बंब येत असे.

तांब्याचा जुना बंब होता. थंडीत त्याच्यावर सगळं घर अवलंबून असायचं. आमच्याकडे डिसेंबर लागला की खोबरेल तेल बाटलीत घट्ट बसतं, गादी ओली असल्यासारखी लागते आणि पुण्याची मंडळी कानटोप्या घालून, नळ सोडून, आता पाणी येईल मग येईल म्हणून उभी राहतात. त्या वेळी मी बादली घेऊन जायचो. कढत पाणी पाहून माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मी नोकरीत असताना कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. असा माझा बंब केळशीकरांनी घेतला होता.

केळशीकर नाताळची गर्दी ओसरल्यावर आले. तीन दिवसांसाठी. आमच्याकडे थंडीत गवतावरचं दव गोठतं, त्याचे फोटो पेपरात येतात, ते पाहून आलो असं म्हणाले. पुण्यात एकटेच राहत, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा परदेशात. वय माझ्याएवढंच. उंच, सरळ, आणि केस कपाळापासून सुरू होणारे. माझे तोवर कानांच्या वर वस्तीला गेले होते.

ते व्हरांड्यात आले, खिशातून रुमाल काढला, खुर्ची पुसली आणि बसले. मंदा पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मला वाटलं, खुर्चीवर धूळ राहिली म्हणून ओशाळली असेल. मग पुढे होऊन तिनं त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचे वडील कॅम्पातल्या तार ऑफिसात होते का हो?"

होते म्हणाले. तिला कसं माहीत हे त्यांनी विचारलं नाही. आपले वडील सगळ्यांना माहीत असणार अशी काही माणसांची समजूत असते.

तीन दिवसांत दव गोठलं नाही. ढगाळ होतं. केळशीकर म्हणाले, "बर्फ पाहिल्याशिवाय मी काही जात नाही. पाहिला की त्याच दिवशी निघेन." मंदा म्हणाली, राहा की, खोली रिकामीच आहे. खोली रिकामी नव्हती. त्या खोलीसाठी दादरच्या एका कुटुंबाला आम्ही हो म्हटलं होतं. त्यांना तिनं माझ्यादेखत फोनवर सांगितलं की छप्पर गळतंय. जानेवारीत.

तेव्हापासून माझं लक्ष उडालं.

मंदा रोज वेगळी न्याहारी करायला लागली. एक दिवस घावन आणि नारळाचं दूध, एक दिवस भाजणीचं थालीपीठ लोण्यासकट, एक दिवस तांदळाची उकड, एक दिवस माळावरच्या स्ट्रॉबेरीचा साखरेत शिजवलेला मुरंबा आणि त्याबरोबर खरपूस भाजलेल्या घडीच्या पोळ्या. एरवी ही बाई थंडीत आठवडाभर पोहे आणि साबुदाण्याची खिचडी आलटून पालटून करी आणि कुणी बोललं तर म्हणे, हवा खायला आलात ना, ती भरपूर आहे. मला त्या दिवसांत काय मिळत होतं? मला घावनांतलं पहिलं घावन मिळायचं. पहिलं घावन तव्याला चिकटतं आणि त्याचा आकार कोयना धरणाच्या पाणलोट क्षेत्रासारखा होतो.

शिवाय ती पुढ्यात बसायची. ते खात असताना समोर स्टूल घेऊन बसायची आणि प्रश्न विचारायची. तुमच्या आई कडक होत्या का? घरात शेवटचा शब्द कुणाचा असायचा? लग्न कुठल्या साली झालं, मुलगी ओळखीतली होती का? केळशीकर सगळ्याची उत्तरं सविस्तर देत. त्यांना स्वतःविषयी बोलायला आवडत असे आणि विषयही मोठा होता. मी शेजारी बसून चहात फरसाण बुडवायचो. आमच्या संसाराला तीस वर्षं होऊन गेली होती. माझी आई कडक होती का, असं मंदानं मला कधी विचारलेलं नव्हतं. माझ्या आईबरोबर ती अकरा वर्षं एका स्वयंपाकघरात राहिलेली होती हे खरं, पण एखाद्यानं विचारावं तरी.

आणि तेलाची बाटली. केळशीकरांचं खोबरेल तेल गोठायचं. मंदानं ती बाटली बंबाजवळच्या कोनाड्यात ठेवायला सुरुवात केली. सकाळी ते डोक्याला तेल लावायचे तेव्हा ते वितळलेलं, कोमट असायचं. मला तेलाची गरज नव्हती. तरी मुद्दा तो नव्हता.

आमच्याकडे झाडलोटीला सगुणाबाई यायची. माळाच्या खालच्या अंगाला तिचं घर होतं, स्ट्रॉबेरीचे दोन वाफे होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत होतं. तिनं चार दिवसांतच मला बाजूला घेऊन सांगितलं की पावनं लई कामाचं हाय. त्यांनी न्हाणीघराची कडी बसवली, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ओढून दिली आणि तिच्या वाफ्यांवर घालायचा प्लॅस्टिकचा कागद गाडीतून आणून दिला.

"तुमीबी असं कायतरी शिकून घ्या," ती म्हणाली. "वय हाय अजून."

मी तिला म्हटलं, मी बंब पेटवतो.

"तेबी आता त्येच पेटवत्यात," ती म्हणाली आणि झाडू घेऊन गेली.

संक्रांत चार-पाच दिवसांवर आली तेव्हा दुपारी उन्हात बसलो असताना केळशीकरांनी विषय काढला. त्यांना मागची खोली हवी होती. दोन-चार दिवसांसाठी नाही, पाऊस लागेपर्यंत. आणि जमलं तर पाऊस संपल्यावर पुन्हा. पुण्यात करमत नाही, इथे घरच्यासारखं वाटतं, हातून चार कामंही होतात. "तुम्हालाही मदत होईल, दातार. तुमची दगदग कमी होईल."

माझी दगदग म्हणजे काय ते मी सांगितलंच आहे. ती कमी झाली असती तर मी त्या घरात चादरीच्या घडीसारखा एका जागी पडून राहिलो असतो.

मी मंदाकडे पाहिलं. ती तिळातले खडे निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "संक्रांतीला सांगते."

त्या दिवशी ते फिरायला गेल्यावर मी तिला विचारलं की यात विचार करण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, माझं काम अजून व्हायचंय. कसलं काम म्हटलं तर म्हणाली, ते झालं की सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका. मी म्हटलं, तो माणूस माझ्या घरात राहायला येतोय. ती म्हणाली, माझ्याही. आणि वर म्हणाली, "तुम्ही इतके का जळताय?"

मी जळत नाही, असं मी तिला सांगितलं. हे मी ज्या आवाजात सांगितलं तो ऐकून कोंबड्या खुराड्यात गेल्या.

आता माझ्याजवळ एकच वाट होती. केळशीकर स्वतःच म्हणाले होते, बर्फ पाहिला की त्याच दिवशी निघेन. शब्दाचे ते पक्के होते. असल्या माणसांत ही एक आणखी चीड आणणारी गोष्ट असते. म्हणजे बर्फ पडला की सुटका. मी पहाटे उठून गवत चाचपायला लागलो. केळशीकरांच्या गाडीच्या टपावर हात फिरवायला लागलो. दव असायचं, गार असायचं, पण गोठायचं नाही. आमचा माळ उंचावर, वाऱ्यावर. वारा असला की दव गोठत नाही. खाली तळ्याकाठच्या खोलगट भागात गोठायचं, पण तिकडे त्यांना न्यावं म्हटलं तर केळशीकर म्हणाले, छे, आपल्याच अंगणातला पाहायचा.

आपल्याच. मी तो शब्द ऐकून ठेवला.

संक्रांतीच्या आदल्या पहाटे मी केळशीकरांच्याही आधी उठलो. आकाशात ढग नव्हते, वारा पडला होता. मी आशेनं अंगणात गेलो. गवत ओलं होतं. नुसतं ओलं. शेजारच्या वाडीत गोठलं असेल, तळ्यावर गोठलं असेल, वर्तमानपत्रात फोटो येईल, आणि आमच्या अंगणात नुसती ओल. मला वाटलं, हवामानसुद्धा त्याच्या बाजूनं आहे.

पाणी प्यायला म्हणून मी फ्रीज उघडला. आमचा फ्रीज जुना, एका दाराचा. त्याच्या वरच्या खणात इतका बर्फ धरायचा की खणाचं दार लागत नसे. मंदा पंधरा दिवस म्हणत होती, हा काढायला झालाय. मी त्या बर्फाकडे पाहिलं. पांढरा, भुसभुशीत, साखरेसारखा. वर्तमानपत्रातल्या फोटोत गवतावर दिसतो तसाच.

पुढचं सगळं शांतपणे केलं. उलथणं घेतलं, परात घेतली, खण खरवडला. अंधुक उजेडात परात भरेपर्यंत बोटं बधिर झाली. केळशीकरांच्या गाडीच्या बॉनेटवर मी तो बर्फ हातानं भुरभुरला, थोडा काचेवर, उरलेला शेवंतीच्या वाफ्यावर. लांबून पाहिलं. आयुष्यभर धरणांचे आराखडे काढले, पण इतकं नैसर्गिक काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. परात धुऊन जागेवर ठेवली, बंब पेटवला, बऱ्याच दिवसांनी मीच पेटवला, आणि केळशीकरांच्या दारावर टकटक केली. म्हटलं, जरा बाहेर या. काय पडलंय बघा.

ते शाल ओढून, कॅमेरा घेऊन आले. गाडीपाशी पोचले आणि लहान मुलासारखे उभे राहिले. मला, खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं. त्यांनी चारही बाजूंनी फोटो काढले. माझाही एक काढला, बर्फासोबत.

तेवढ्यात सगुणाबाई आली. तिनं गाडीकडे पाहिलं, शेवंतीकडे पाहिलं, मग आमच्या स्कूटरकडे पाहिलं. स्कूटर कोरडी होती.

"ह्यो बरफ पावन्यांच्याच गाडीवर पडला व्हय," ती म्हणाली.

मी सांगितलं की ते वाऱ्याच्या दिशेवर असतं.

"वारं कुठाय?"

केळशीकर बॉनेटवर वाकले होते. त्यांनी दोन बोटांनी बर्फातून काहीतरी उचललं आणि तळहातावर ठेवलं. हिरवं होतं, गोल होतं.

"दातार, हे काय?"

थंडीत मटार स्वस्त होतो, तेव्हा आमच्याकडे आणून, सोलून, पिशव्यांत भरून वरच्या खणात ठेवतात. सगळ्यांच्याच घरी ठेवतात. एखादी पिशवी फुटते, दाणे बर्फात बसतात. मला हे सगळं माहीत होतं. वेळेवर आठवलं नव्हतं, इतकंच.

"मटार," मी म्हणालो. त्यात खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यांनी बॉनेटवर आणखी थोडं उकरलं. आणखी तीन निघाले. शेवंतीत किती असतील याचा मी अंदाज करायला लागलो. सगुणाबाईनं तोंडाला पदर लावला आणि ती घराच्या मागे निघून गेली. तिकडून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत राहिला.

केळशीकरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आराखड्यात चूक सापडल्यावर आमचे वरिष्ठ पाहत तसंही नाही. ते जरा वेळ पाहत राहिले आणि मग त्यांना सगळं कळलं असं मला दिसलं. त्यांनी तो दाणा तोंडात टाकला.

"गोड आहे," ते म्हणाले. "बर्फ पाहिला, दातार. ठरल्याप्रमाणे आज निघतो."

मी फक्त म्हणालो, "न्याहारी करून जा."

आत मंदानं उपमा केला होता. फुटलेल्या पिशवीतला मटार आता कुठेतरी वापरायलाच हवा होता, तो त्यात भरपूर होता. माझ्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि परातीकडे एकदा. केळशीकरांनी सांगितलं की ते निघतायत, मागच्या खोलीचं राहू द्या, बर्फ पाहून झाला. तिचा डाव क्षणभर हातात तसाच राहिला. मग तिनं त्यांना वाढलं आणि त्या दिवशी स्टूल न घेता ती खुर्चीवर बसली. त्यांच्या बरोबर समोर.

मी जिंकलो होतो. त्यामुळे मन मोठं झालं होतं. मी त्यांना लोणचं वाढलं.

केळशीकर हळूहळू खात होते. संपल्यावर त्यांनी बशी बाजूला केली. "वहिनी," ते म्हणाले, "हे पंधरा दिवस मी विसरणार नाही. असं हातचं खाणं, असं घर... माझ्या नशिबात नव्हतं."

"होतं की," मंदा म्हणाली. "तुम्हीच नको म्हणालात."

मला वाटलं, ती मागच्या खोलीबद्दल बोलतेय. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते म्हणाले, नाही नाही, दातारांची अडचण मी समजू शकतो.

"खोलीचं नाही. वाईला. गणपती आळीत. तुम्ही, तुमच्या आई आणि एक मावशी. मे महिना होता. मी उपमाच केला होता. तुम्ही आमच्या घरची खुर्ची रुमालानं पुसलीत आणि मग बसलात."

मी लोणच्याची बरणी हातात घेऊन उभा होतो. ती कुठे ठेवावी हे मला सुचेना.

"आलात त्या दिवशी व्हरांड्यात पुसलीत तेव्हा मी ओळखलं," मंदा म्हणाली. "वाईला पायात तपकिरी बूट होते, डाव्या बुटाची नाडी सुटली होती. तुम्ही मला विचारलंत, वाचायला आवडतं का. मी हो म्हणाले. मग तुम्ही घड्याळ पाहिलंत. आठ दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती."

आवाजात काही नव्हतं. दूधवाल्याला आज अर्धा लिटर कमी का घातलं असं विचारावं, इतकाच आवाज. पण तिचे हात मी पाहिले. टेबलाची कड तिनं घट्ट धरली होती.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली, "खरं कारण काय होतं?"

आता मला कळलं की या बाईनं पंधरा दिवस घावनं, थालीपिठं, उकड कशासाठी केली. आई कडक होत्या का, शेवटचा शब्द कुणाचा, हे सगळं ती कुठून कुठे नेत होती. ती त्या माणसाला खाऊ घालत नव्हती. त्याची साक्ष काढत होती. आणि मी मटार उधळून ती संक्रांतीच्या आत उरकायला लावली होती.

केळशीकर विचार करत बसले. खूप वेळ. मी माणसं आठवताना पाहिली आहेत, ती वर बघतात, डोळे बारीक करतात. हे खाली बशीकडे बघत होते. त्यांनी मनापासून प्रयत्न केला, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

"वहिनी, मला नाही आठवत," ते शेवटी म्हणाले. "त्या वर्षी आईनं मला फार ठिकाणी नेलं. वाई, सातारा, भोर. मला सगळी घरं एकच वाटायची. नकार कळवायचा असला की आई सगळ्यांना पत्रिकेचंच सांगायची."

"म्हणजे कारण नव्हतं."

"असेलही. मला माहीत नाही."

मंदानं टेबलाची कड सोडली. तिनं किटलीतून त्यांच्या कपात चहा ओतला, साखर घातली, ढवळला आणि कप त्यांच्यापुढे सरकवला.

"घ्या," ती म्हणाली. "गार होईल."

ते अर्ध्या तासात निघाले. जाताना त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. मला त्या नमस्काराचाही राग आला, पण तो योग्य होता हे मान्य करावं लागलं. गाडी वळणापलीकडे गेली. बॉनेटवरचं पाणी उन्हात चमकत होतं.

मग आम्ही दोघं व्हरांड्याच्या पायरीवर उन्हात बसलो. मी संतापलो होतो. मी तिला म्हटलं, हा कोण लागून गेला नकार देणारा? तिथे दुसरी तुझ्याहून बरी मिळाली का त्याला? काय दिसलं नाही त्याला? ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्हाला नक्की राग कशाचा आलाय? तो इथे राहिला त्याचा, का तेव्हा नको म्हणाला त्याचा?"

"दोन्हींचा," मी म्हटलं.

तिला हसू आलं. पंधरा दिवस ते हसू स्वयंपाकघरातून यायचं आणि माझ्यासाठी नसायचं. आता ते माझ्यासाठी होतं, म्हणून मी तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तपकिरी बूट घुसले होते.

"मंदा, मी आलो होतो तेव्हा मी काय घातलं होतं?"

"कधी?"

"वाईला. तुला बघायला."

तिनं विचार केला. "शर्ट," ती म्हणाली.

"कसला?"

"पांढरा असेल."

चॉकलेटी होता. कराडहून निघताना मेहुण्याचा मागून घातला होता, खांद्यात सैल होता, आणि सगळा वेळ मी तो मागे ओढत होतो.

"मी खुर्चीवर बसलो का पलंगावर?"

"बसला असाल कुठेतरी."

"काय बोललो?"

"अहो, मला कसं आठवेल?" ती म्हणाली. "तुम्ही दाराबाहेर पडायच्या आत हो म्हणालात. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय होतं?"

त्या माणसाला ती आठवत नव्हती आणि तिला त्याच्या बुटाची नाडीसुद्धा आठवत होती. मी तिला पाहिल्या क्षणी पसंत केलं होतं, तिच्याशी लग्न केलं होतं, इतकी वर्षं तिच्यासाठी पाणी तापवलं होतं, आणि माझा त्या दिवसात कुठे पत्ताच नव्हता.

"आणखी कुणी नको म्हणालं होतं का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"होते की दोन-तीन," मंदा म्हणाली आणि उठली. "एक उंच होता, चष्म्याचा. चहा बशीत ओतून प्यायला. एक साताऱ्याचा, गाणं म्हणायला लावलं त्यानं. जरा फाटक उघडा, संक्रांतीला राहायला येणारी मंडळी आली."

फाटकापाशी एक पांढरी गाडी उभी होती. मी गेलो, कडी काढली, गाडी आत घेतली. तिच्यातून एक साठीचे गृहस्थ उतरले. उंच होते. चष्मा होता. मागे वळून पाहिलं तर मंदा व्हरांड्यात उन्हाला आडवा हात धरून, डोळे बारीक करून त्यांच्याकडेच पाहत होती.

त्यांची बॅग मी हातात घेतली नाही. आधी विचारलं, "तरुणपणी आपण कधी वाईला आला होतात का?"